शर्वरीचा ठसा

शर्वरी गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि यंदा ती तिशीची झाली. ऐकणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल, वाटो बापडा. पण कासारनेरच्या लोकहित सार्वजनिक वाचनालयात कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं नुसती मान डोलावली असती. तिची आई उज्ज्वला बोर्डे तिथली ग्रंथपाल. दर सोमवारी कुलूप काढून, केर काढून झाला, की ती आधी खरेदीच्या यादीत लेकीचं नाव शोधायची. या वेळी शर्वरीनं काय मागितलं? गेल्या सोमवारी हिमालयात एकटीनं हिंडलेल्या एका बाईचं आत्मकथन मागितलं होतं, त्याआधी जात्यावरच्या ओव्यांचं एक जाडजूड पुस्तक. मग दिवसभर उज्ज्वलाचा चेहरा हसरा. देवघेवीच्या टेबलाशी आलेल्या वर्गणीदाराला ती न विचारता सांगायची, की आमची शर्वरी आता फार समंजस झाली हो.

हे कसं व्हायचं ते आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीचं वाटेल.

काही वर्षांपूर्वी पुस्तकांच्या बांधणीत एक धागा आला. केसाहून बारीक, आणि जिथं पानं एकत्र शिवलेली असतात तिथं आत बसवलेला. पान उलटताना त्याला जो ताण बसतो, त्यातूनच त्याला लागेल तेवढी वीज तयार होते. हा धागा एवढंच टिपतो, की कोणतं पान किती वेळ उघडं होतं, उलटणारं बोट घाईत होतं की रेंगाळत होतं, वाचणारा कुठून मागं फिरला आणि कुठं पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही. वाचणाऱ्याच्या मनात काय आलं हे त्याला कळत नाही. पुस्तक परत आलं की टेबलावरच्या एका सपाट फळीवर ठेवायचं. कंपनीनं त्या फळीला लांबलचक नाव दिलं होतं, गावानं तिला पाट म्हटलं. पाट धाग्यातली नोंद उचलतो आणि ज्याच्या कार्डावर पुस्तक गेलं होतं त्याच्या खात्यात टाकतो.

अशी शंभरेक पुस्तकं झाली, की त्या माणसाचा ठसा तयार होतो. कसल्या वाक्याशी हा थबकतो, कसल्या वर्णनाला पानं चाळतो, कितव्या पानाला जांभया देतो, याचं गणित म्हणजे ठसा. प्रकाशकानं नव्या पुस्तकाचा मजकूर पाठवला की तो या गणितातून काढायचा, आणि हा माणूस ते पुस्तक कसं वाचील याचा आलेख पाटाच्या पडद्यावर उमटतो. रेघ वरखाली नाचली तर पुस्तक आवडणार, आडवी पडली तर माणूसही आडवा होणार. सगळ्या वर्गणीदारांच्या ठशांची बेरीज झाली की खरेदीची यादी तयार, प्रत्येक पुस्तकापुढं ते मागणाऱ्यांच्या नावांसकट. पूर्वी ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत अध्यक्षांच्या मेहुण्याचे कवितासंग्रह गळ्यात पडायचे, ती ब्याद एकदाची टळली.

जुन्या पुस्तकांनाही हाच न्याय. ज्या पुस्तकासाठी गावातला एकही ठसा हलत नाही, ते निर्लेखनाला काढायचं. म्हणजे दप्तरातून त्याचा क्रमांक कमी करायचा, पहिल्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का मारायचा आणि पुस्तक रद्दीत घालायचं. कपाटं तेवढीच राहतात, पुस्तकं येतच राहतात, जागा करावीच लागते. हे काम उज्ज्वला दुसऱ्या कुणावर टाकत नसे. जीव तुटायचा तिचा, नाही असं नाही. पण वाचकच नसलेलं पुस्तक धरून ठेवणं म्हणजे पंगत उठून गेल्यावर वाढत बसण्यासारखं आहे, असं म्हणून ती शिक्का उचलायची.

शर्वरीचा ठसा गावातल्या पहिल्या काही ठशांपैकी. आईच्या वाचनालयातच वाढलेली पोर, पुस्तकांचा फडशा पाडायची. मग पावसाळ्याच्या अखेरीला साधा ताप आला. साधाच आहे म्हणेस्तोवर अंगावर लाल ठिपके उठले, आणि जिल्ह्याच्या गावाला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

वर्ष संपल्यावर वर्गणीदारांच्या यादीतून तिचं नाव कमी करायला हवं होतं. उज्ज्वलाच्यानं ते झालं नाही. तिनं लेकीची वर्गणी भरली आणि नाव राहू दिलं. वर्गणीदार जास्त दिसले की वाचनालयाचा दर्जा टिकतो, म्हणून समितीनंही डोळ्यांवर कातडं ओढलं. आणि खुद्द ग्रंथपालबाईंनीच केलं म्हटल्यावर गावानं का मागं राहावं? लोखंडेअण्णा गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं कार्ड चालू ठेवलं. पिठाच्या गिरणीवाल्या भोसल्यांनी वडिलांचं ठेवलं. कुणाची आत्या, कुणाचा धाकटा भाऊ. बघता बघता गेलेली माणसं राहिलेल्यांच्या बरोबरीला आली आणि दर खेपेला हक्कानं पुस्तकं मागू लागली.

शर्वरीनं मागितलेलं पुस्तक आलं, की उज्ज्वला ते शर्वरीच्याच कार्डावर घरी न्यायची. तिचं पुस्तक तिच्याच नावावर जायला हवं ना! जेवणं झाली की ती ते उघडून बसायची, आणि लेक काय वाचते आहे ते नवऱ्याला सांगायची. नवरा विलास, बाजारपेठेत पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा. तांब्याच्या तारेत जन्म गेला त्याचा, पुस्तकाच्या वाटेला कधी गेला नाही. पण हे सांगणं तो कान देऊन ऐकायचा. तेविसाव्या वर्षी शर्वरीला प्रवासवर्णनांचा नाद लागला. पुढं पुढं प्रेमकथांवरून तिचं मन उडालं, तेव्हा विलास खरोखर काळजीत पडला. कुणी फसवलं की काय पोरीला, असं तो बोलून गेला.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाची आवड बदलेल कशी? उज्ज्वलाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात स्वच्छ छापलं होतं, की ठसा दर महिन्याला शेकडो पुस्तकं वाचून निवड करतो. आणि जो वाचतो तो वाढतो, हे तर तिनं आयुष्यभर शाळाशाळांतून पोरांना सांगितलेलं. शर्वरी वाचत होती, म्हणून वाढत होती. यात न कळण्यासारखं काय आहे?

अडचण आली ती मुलांवरून. गावाबाहेरच्या माळावर सौरपट्ट्यांचं मोठं केंद्र उभं राहिलं, आणि तिथं कामाला आलेल्या कुटुंबांची वसाहत झाली. तिथल्या शाळेतल्या शिंगणेबाई एके दिवशी आपला वर्ग घेऊन वाचनालयात आल्या. मुलं या कपाटाकडून त्या कपाटाकडं हिंडली. प्रवचनांचे खंड, थोरामोठ्यांची चरित्रं, वांगी-टोमॅटोवरच्या किडी. एका मुलीनं मोठ्यांदा विचारलं, की इथं गोष्टींचं एकही पुस्तक नाही का? बालविभागाचं कपाट कधीच रिकामं होऊन त्यात संतचरित्रं गेली होती. मुलांचा ठसा व्हायला शंभर पुस्तकं वाचून व्हावी लागतात, आणि ठसा नाही म्हणून यादीत त्यांच्यासाठी एकही पुस्तक लागत नाही. होती नव्हती ती पुस्तकं कुणाचाच ठसा हलत नाही म्हणून दरवर्षी थोडी थोडी रद्दीत गेली होती, आणि त्या प्रत्येकावर उज्ज्वलानं शिक्का मारलेला होता. मुलं थोडा वेळ थांबून निघून गेली. ती प्रश्न विचारणारी मुलगी, चित्रं आहेत म्हणून, किडींचं पुस्तक घेऊन गेली.

शिंगणेबाई तडक अध्यक्षांकडं गेल्या. अध्यक्ष म्हणजे गटकळ सर, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस शांत, पण त्या आठवड्याच्या बैठकीत ते टेबलावर हात आपटून म्हणाले, “हे वाचनालय आहे की स्मशान, ते एकदा ठरवा. मेलेल्यांसाठी पुस्तकं घेतोय आपण, आणि जिवंत पोरं हात हलवत परत जातायत.”

यावर कुणाचंच दुमत नव्हतं. गेलेल्यांची नावं काढायलाच हवीत, असं प्रत्येकजण म्हणाला. फक्त आपल्या घरचं तेवढं राहू द्यावं. भोसले म्हणाले, बाबांनी वाचनालयाला पंखे दिले होते. लोखंडेकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! शेवटी गटकळ सरांनी कंपनीच्या माणसाला बोलवायचं ठरवलं. मुश्ताक काझी नावाचे हे गृहस्थ जिल्ह्यातले सगळे पाट सांभाळायचे. त्यांनी फोनवर मार्ग सांगितला. प्रत्येक ठशाची, तो पहिल्यांदा तयार झाला तेव्हाची प्रत यंत्रात जपलेली असते. ती आणि आजचा ठसा एकमेकांवर ठेवायचे. दोन्ही तंतोतंत जुळले तर ठसा थिजलेला, तो काढून टाकायचा. थोडाही हलला असेल तर राहू द्यायचा. निवाडा यंत्र करणार म्हटल्यावर कुणालाच वाईटपणा नव्हता, ठराव एकमतानं पास झाला.

उज्ज्वलाला याची धास्ती वाटली नाही. तिला वाईट वाटलं ते इतरांसाठी. शर्वरी तर डोळ्यांदेखत बदललेली, तिचं नाव राहणारच. भोसल्यांच्या वडिलांचं मात्र जाईल, अण्णांचं जाईल. लोखंडेकाकूंना त्या दिवशी जरा सांभाळून घ्यायला हवं, असं ती विलासला घरी म्हणालीसुद्धा.

काझी आले. चष्मा कपाळावर चढवून बसणारा, हळू बोलणारा माणूस. वाचनालयाच्या सभागृहात सगळे जमले आणि एकेक नाव पडद्यावर येऊ लागलं. पहिलं भोसल्यांच्या वडिलांचं, तर ते हललेलं! म्हातारा मेल्यावर पाच वर्षांनी दुचाकी दुरुस्तीची पुस्तकं वाचायला लागला होता. भोसल्यांचा मुलगा मागं सरकून बसला. मग लोखंडेअण्णा. हयातीत राजकारणापलीकडं काही न वाचलेले अण्णा आता विणकाम, मधुमेहाचा आहार आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचत होते. लोखंडेकाकू इतक्या लाजल्या, की सगळं सभागृह हसलं. बहुतेक घरांत कार्ड एकच, आणि ते घरातल्या कुणा एकाच्या नावावर. वाचणार सगळं घर. घरोघरी मातीच्या चुली! नवरा गेला तरी त्याच्या कार्डावर पुस्तक नेण्यात बायकोला काही चुकतंय असं वाटलं नव्हतं, आणि तिची बोटं नवऱ्याच्या खात्यात जमा होत राहिली होती. काझींनी हे समजावून सांगितलं. उज्ज्वलाही पोट धरून हसत होती.

तेवढ्यात पडद्यावर नाव आलं, शर्वरी विलास बोर्डे. तिच्या दोन रेघा एकमेकींना कुठंच शिवत नव्हत्या. इतका बदललेला ठसा त्या दिवशी दुसरा नव्हता.

उज्ज्वलानं हात जोडले. बघा, मी सांगत नव्हते, असं ती शेजारच्या बाईला म्हणाली. हसणं थांबलं होतं. भोसले छताकडं बघत होते, लोखंडेकाकूंनी मान खाली घातली होती. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, एकट्या तिच्याच नाही. गटकळ सर उठले आणि बाहेर चहा आलाय, चला सगळे, म्हणून माणसांना घेऊन गेले. चहा आलेला नव्हता.

काझी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “बाई, हे कार्ड कोण वापरतं?”

“कोणी नाही. शर्वरीचंच आहे ते.”

“तिची पुस्तकं घरी कोण नेतं?”

“मी नेते.”

“उघडता?”

“उघडते म्हणजे काय, वाचते. तिनं मागितलेलं पुस्तक, मी...” आणि ती थांबली.

मग ती भांडली. तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय, की ठसा वाचतो. जो वाचतो तो वाढतो. काझींनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ती विकायची भाषा झाली बाई. ठसा वाचत नाही. तो धोंड्यासारखा असतो, जिथं ठेवला तिथं. बोट लागलं तरच तो बदलतो. मग नाइलाजानं त्यांनी आणखी एक नाव पडद्यावर घेतलं. उज्ज्वला विलास बोर्डे. गेल्या दहा-अकरा वर्षांत तिनं स्वतःच्या कार्डावर एकही पुस्तक नेलेलं नव्हतं, आणि यंत्रानं तिला थिजलेल्यांत, काढून टाकायच्या नावांत धरलं होतं. तिची ती जुनी रेघ काझींनी उचलली आणि शर्वरीच्या आजच्या रेघेवर ठेवली. दोन्ही जवळजवळ एकच होत्या. जिथं फरक होता, तिथं वयाचा होता.

उज्ज्वला त्या पडद्याकडं बघत राहिली. समंजस झाली, समंजस झाली म्हणून जिचं कौतुक गावभर सांगितलं, ती ती स्वतःच होती. आणि खरी पोर, जी होती थोडीफार या यंत्रात शिल्लक, तिच्यावर तिनं रोज संध्याकाळी मायेनं हात फिरवून फिरवून तिला पुसून टाकलं होतं. तिला रडू आलं नाही.

काझी भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, की हा ठसा हलता आहे, ठरावाप्रमाणे तो राहू शकतो. नाव कुणाचं आहे हे कुणी विचारणार नाही. किंवा त्यावर तुमचं नाव लावू. मग ती उठायला लागली तेव्हा त्यांनी अडखळत तिसरी गोष्टही सांगितली. पहिली प्रत यंत्रात आहे. शर्वरी गेली तेव्हाची नाही, पण त्याच वर्षातली. ती परत लावता येते. पण ती थिजलेली असणार, तेव्हा ठरावाप्रमाणे ती लगेच काढावीही लागेल, आणि यंत्र मग तिची प्रत ठेवत नाही.

घरी न जाता ती विलासच्या दुकानात गेली. तो एका पंपाचं वेटोळं भरत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना एकदाही आवाज चढला नाही, त्यामुळं त्याला आधी वाटलं ही दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगते आहे. कळलं तेव्हा त्याच्या हातातली तार सुटली आणि भरलेलं वेटोळं उलगडत गेलं.

सुटलेली तार गोळा करत तो बोलला. दुकानात एकटा असला, की तो शर्वरीशी बोलायचा म्हणे. तिशीच्या शर्वरीशी. गिऱ्हाईक कसं बुडवून गेलं, गुडघा कसा दुखतो, असलंच काहीतरी. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

“मग आपली कुठाय?” त्यानं विचारलं.

“यंत्रात आहे. एकोणीस वर्षांची. बघायची तर एकदाच, लगेच काढायची. नाहीतर आहे तशीच राहू देता येते. ही. मोठी झालेली.”

विलासनं मान हलवली. “तू तर घरात आहेसच. मला पोरगी बघायचीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाटासमोर बसली. गटकळ सर दाराशी थांबले, आत आले नाहीत. काझींनी जुनी प्रत लावली आणि प्रकाशकांनी त्या महिन्यात पाठवलेली पुस्तकं एकामागून एक तिच्यातून काढायला सुरुवात केली. हिमालयातल्या बाईंचं आत्मकथन लागलं. सरळ आडवी रेघ. ओव्यांच्या पुस्तकाला तर पोर पाचव्या पानाला झोपली असती. एका नावाजलेल्या कादंबरीच्या सुरुवातीला रेघ जराशी उचलली आणि पडली. उज्ज्वला घट्ट बसून होती. एकेक आडवी रेघ तिला लागत होती, कारण यातलं एकेक पुस्तक तिनं लेकीचं म्हणून उराशी धरलेलं होतं.

आणि मग एका पुस्तकाला रेघ थेट पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. खाली आली, पुन्हा उसळली. नाव होतं ‘पडक्या डेपोतलं प्रेत’. बंद पडलेल्या एसटी डेपोत रोज पहाटे एक प्रेत तिकीट काढून बसमध्ये बसतं, असलं काहीतरी. सगळ्यात उंच उडी कुठं होती, तर ते प्रेत कंडक्टरला सुटे पैसे परत मागतं तिथं.

विलास हसला. इतक्या मोठ्यांदा, की दारातले गटकळ सर वळून बघू लागले. “हीच ती,” तो म्हणाला. “हीच आपली भवानी.”

उज्ज्वलालाही हसू फुटलं, आणि मग ते हसू कुठल्या कुठं गेलं. तिला सगळं आठवलं. भुताखेताच्या पुस्तकांपायी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरलेली, वरणाचा कोळसा करून वर खिदळणारी, ग्रंथपालाची पोर असून असलं टुकार वाचते म्हणून बोलणी खाणारी शर्वरी. ती गेल्यावर आईनं हे सारं विसरून जाऊन तिला हळूहळू आपल्यासारखी करून घेतली होती. वाचनालयात तेव्हा भुतांच्या पुस्तकांचे दोन कप्पे होते. पुढं त्यांच्यासाठी कुणाचाच ठसा हलेना, शर्वरीचासुद्धा, तेव्हा उज्ज्वलानं ती एकेक करून बाहेर काढली होती. पहिल्या पानावर रद्द, रद्द, रद्द. लेकीच्या हातची पुस्तकं होती ती. तिच्या बोटांची, खऱ्या बोटांची.

“शर्वू,” ती पडद्याकडं बघून म्हणाली, “चुकले गं मी.” आणि तिथंच, टेबलावर डोकं ठेवून, अकरा वर्षांत रडली नव्हती तशी रडली. विलासनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. काझी चष्मा पुसत बसले.

काढायची कळ तिनं दुसऱ्या कुणाला दाबू दिली नाही. काझींनी विचारलं, आणखी थोडा वेळ थांबायचं का. ती नको म्हणाली. तिनं कळ दाबली आणि यादीतलं ते नाव गेलं.

यंत्रानं खरेदीची यादी पुन्हा मांडली. उज्ज्वलाचा ठसा आता उज्ज्वलाच्या नावावर होता, हिमालयातल्या बाई आपल्या जागी होत्या. लोखंडेकाकूंच्या खुनाच्या कादंबऱ्याही, आता त्यांच्या स्वतःच्या नावावर. डेपोतलं प्रेत मात्र यादीत आलंच नाही. ते मागणारा गावात जिवंत वाचक एकही नव्हता. काझींनी घसा खाकरून आठवण करून दिली, की ठसा असो नसो, एक पुस्तक ग्रंथपालाला आपल्या मर्जीनं घेता येतं. नियमच आहे तसा. गटकळ सरांनीही दारातून मान डोलावली.

तिनं थोडा विचार केला. मग माळावरच्या शाळेतल्या मुलांसाठी चित्रांचं एक गोष्टींचं पुस्तक तिनं त्या जागी लिहायला सांगितलं. किडींचं पुस्तक नेणाऱ्या मुलीला आधी तेच द्यायचं, असं तिनं ठरवलं.

वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना विलास म्हणाला, की वाचनालयानं नाही घेतलं तर नाही, आपण आपलं विकत घेऊ की ते भुताचं पुस्तक, घरात राहील.

“घ्या,” उज्ज्वला म्हणाली. “पण तुम्ही वाचा. माझ्या हातात देऊ नका. मी वाचलं की ती पुसली जाते.”